ऐकू आलं असेल तर एक दाबा

७ एप्रिल, लातूर
हमजाचं काम आता माझ्याकडे. सिद्धराम सरांनी आज दुपारी ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर पक्कं केलं. सगळ्यांसमोर म्हणजे माझ्यासमोर आणि हिशेब बघणाऱ्या तारामतीबाईंसमोर. आम्ही आता एवढेच आहोत.

काम पाण्याच्या इशाऱ्याचं. इस्लापूरकडे नदीवर पुलाखाली मापक बसवलेला आहे. पाणी खुणेच्या वर गेलं की काठच्या गावांत आपोआप फोन जातात आणि ध्वनिमुद्रित आवाजात सांगतात की वर चला. हे सगळं हमजाने नांदेडला घरी बसून एकट्याने लिहिलं. फेब्रुवारीत त्याला ताप आला, तो मेंदूत गेला आणि आठवडाभरात हमजा गेला. ईदही होऊन गेली. पावसाळ्याआधी प्रणाली सुरू व्हायला हवी.

दोन वर्षं आम्ही फोनवर एकत्र काम केलं. प्रत्यक्ष भेट दोनदाच. तो मला तनुजाबाई म्हणायचा. माझ्याहून मोठा असून.

९ एप्रिल
त्याचा लॅपटॉप त्याच्या बहिणीने, अलीझाने, एसटीच्या पार्सलने पाठवला. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.

दिवस नुसता साधनं बसवण्यात गेला. कोणत्या आवृत्तीवर काय चालतं हे कुठंही लिहिलेलं नाही. सूचनांच्या फाइलमध्ये एकच ओळ: "अडलात तर फोन करा." त्याच्या मशीनवर सगळं चालतं, माझ्या मशीनवर काहीच नाही. यावरून आम्ही किती भांडलो. मी म्हणायचे, उद्या तू नसलास तर? तो म्हणायचा, "तनुजाबाई, मी कुठं जातोय? तुमचे नियम कपाटात ठेवा, लग्नात आहेर द्यायला होतील."

कोडमध्ये जागोजागी त्याच्या टिपा आहेत. एके ठिकाणी: "इथं हात लावू नका. का ते विचारू नका. विचारायचंच असेल तर मला फोन करा."

लॅपटॉप बंद केला आणि घरी आले.

१२ एप्रिल
प्रणाली माझ्या मशीनवर पहिल्यांदा उभी राहिली. त्याने लिहिलेली टेस्ट एकच. ती चालवली की एका नंबरवर खराखुरा फोन जातो आणि चाचणीचा संदेश वाजतो. नीट पोचतोय का बघायला हेडफोन लावला.

"हॅलो, हॅलो. ही फक्त चाचणी आहे. पाणी कुठंही नाही, घाबरू नका. माझा आवाज ऐकू आला असेल तर एक दाबा."

त्याचाच आवाज. मला माहीत होतं, तरी खुर्ची मागे सरकली. त्याचे वडील पाशामियाँ लग्नाकार्याला आणि उरुसाला लाऊडस्पीकर भाड्याने देतात. हमजा लहानपणापासून माईक टेस्टिंग करत मोठा झाला. निवेदकाला पैसे कशाला द्यायचे म्हणून सगळे संदेश त्यानेच बोलून ठेवले.

फोन उचलला गेला. संदेश पूर्ण वाजला. एक कुणी दाबला नाही. टेस्ट नापास.

पुन्हा चालवली. यावेळी एक दाबला गेला आणि पुढचं वाक्य आलं: "दाबला? शाब्बास. आता जेवून घ्या." टेस्ट पास.

फोनची सेवा देणारी कंपनी चाचणीसाठी आपोआप उत्तर देणारे नंबर देते. तसाच हा असणार. पहिल्या वेळी तो का अडखळला, बघायला हवं.

१७ एप्रिल
गिट बसवलं. कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कधी, का केला याची नोंद त्यात राहते, आणि चुकलं तर मागे जाता येतं. सिद्धराम सर उदगीरचे. त्यांना पटवायला चहाचे दोन कप लागले.

"चालतंय नव्हं? मग कशाला उकरायलीस?"

"सर, हमजाने काय बदललं तेच कळत नाही. पुढं असं व्हायला नको. यात एकदा लिहिलेलं काहीच पुसलं जात नाही."

सरांनी चहा बशीत ओतला. "म्हणजे मेलं तरी जात न्हाई म्हण की."

तारामतीबाईंनी कपाळाला हात लावला. सरांनाही बोलल्यावर कळलं.

जुन्या फोनच्या नोंदी चाळल्या. गंमत आहे. हमजाच्या काळात टेस्टचा फोन उचलला की लगेच कट. बहुतेक दरवेळी. आता मात्र प्रत्येक फोन शेवटपर्यंत ऐकला जातो आणि एक दाबलाही जातो. तो म्हणायचाच, "माझा टेस्टर लई कडक आहे, मी तोंड उघडलं की कट." मी जोडणीची वेळ वाढवली होती, त्याचा परिणाम असावा. त्याला जमलं नाही ते मला जमलं. सांगायला हवं होतं हे त्याला.

२३ एप्रिल
एका पासवर्डसाठी अलीझाला फोन केला. बी.एस्सी.ला आहे, तोंडाने तिखट आहे.

"भाईजानचा पासवर्ड? ताई, त्याला स्वतःला आठवायचा नाही. कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा. थांबा, कपडे बाजूला करते."

मिळाला. मग तिच्या अम्मींची चौकशी केली. रमजानमध्ये रोजा सोडायलाही खजुराच्या पुढं काही घेत नव्हत्या, असं मागं कळलं होतं.

"आता जेवते. कुणाचा तरी फोन येतो तिला, दिवसातून कधीही. फोन घेऊन गच्चीवर जाते. खाली आली की ताट वाढून घेते. हैदराबादची खाला, तिची बहीण, असेल. आम्हाला सांगत नाही. गेल्या आठवड्यात एका दिवशी चार-पाच वेळा आला, तर हसली पण."

बरं वाटलं. अशा वेळी जवळचं कुणी असावं.

गेल्या आठवड्यात माझंही काम चांगलं झालं होतं. टेस्ट बऱ्याच वेळा चालवली. गरज होती तेवढीच.

२९ एप्रिल
आजपासून टेस्ट आपोआप चालेल. कोडमध्ये काहीही बदललं की एकदा, शिवाय रोज संध्याकाळी एकदा, बदल असो नसो. चांगल्या प्रणालीत हे माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडायचं नसतं.

हेडफोन आता लावायची गरज नाही. पास झाली की पडद्यावर हिरवी खूण येते. तरी लावते. आवाजाची पातळी तपासायला.

६ मे, इस्लापूर
मापक बघायला आणि गावांतली पहिली चाचणी घ्यायला सरांबरोबर आले. नदीत पाण्यापेक्षा दगड जास्त. हणमंतराव म्हणून एक शेतकरी आहेत, काठावरच ज्वारी आणि हळद. गावातर्फे मापकाकडे तेच बघतात. त्यांच्या ओट्यावर बसलो आणि मी काठच्या सगळ्या गावांना एकदम चाचणीचा फोन लावला.

समोर हणमंतरावांचा फोन वाजला, मग शेजारी, मग पलीकडच्या आळीत. चार घरांतून हमजा थोडा थोडा मागेपुढे बोलायला लागला. पाणी कुठंही नाही, घाबरू नका. पाणी कुठंही नाही.

मी उठून भिंतीकडे सरकले. उन्हामुळे.

हणमंतरावांनी एक दाबला आणि हसत सुटले. "जेवून घ्या म्हनते! आमची मालकीन बी येवढ्या मायेनं म्हनत न्हाई."

आतून कस्तुराबाईंचा आवाज आला, "उद्यापासून त्यालाच वाढाया सांगा मग!"

सरांनी विषय काढला. एखाद्या बाईचा, स्टुडिओतला, गुळगुळीत आवाज घ्यावा का? हणमंतराव मान हलवत राहिले. "तो बँकेचा आवाज वाटते सायेब. लोक कट करून राहिले न त्याले. ह्या पोराचा ऱ्हाऊ द्या. घरचा वाटते. कोन हाय हा? येक डाव आना त्याले, हुरड्याले."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आणते."

 

१४ मे
कोडची साफसफाई. आज फार महत्त्वाची चूक सापडली. टेस्टचा नंबर थेट कोडच्या पोटात लिहिला होता, तोही साधा मोबाइल नंबर. कंपनीचा चाचणी-नंबर नव्हेच. कुणाचा असेल कोण जाणे, कदाचित हमजाच्याच जुन्या सिमचा. ते सिम एखाद्या यंत्रात बसवलेलं असेल.

खऱ्या माणसाचा नंबर टेस्टमध्ये असू नये, हा पहिला नियम. नंबर काढला. ऑफिससाठी एक नवीन फोन घेतला आणि त्याचा नंबर वेगळ्या सेटिंगच्या फाइलमध्ये टाकला. बदलाच्या नोंदीत लिहिलं: "चाचणीतून अनोळखी नंबर हटवला." टेस्ट पास.

आता हे काम कुणाच्याही हातात देता येईल असं झालं आहे.

१९ मे
संध्याकाळी फोन माझ्याच टेबलावर वाजतो. मीच उचलते, मीच एक दाबते. मला शाब्बास म्हणतो.

तारामतीबाई म्हणाल्या, "आज पण डबा तसाच नेतीस की गं."

२२ मे
अलीझाचा फोन दुपारी. आवाज वेगळाच.

अम्मी सकाळी गच्चीच्या जिन्यात बसल्या जागी कलंडल्या. पोटात काही नव्हतं. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घरी आणलं आहे. आठवडाभर नीट जेवल्याच नाहीत.

"ताई, रागवू नका, एक विचारते. ती म्हणते, फोन यायचा बंद झाला. मी तिचा मोबाइल बघितला. खाला नाही ती. एकच लांबलचक नंबर आहे, एप्रिलपासून रोजचा. अम्मीने नाव टाकलंय 'हमजा दफ्तर'. मी उलटा लावला तर लागत नाही. तुमच्या ऑफिसचा आहे का?"

ती आकडे वाचायला लागली. सुरुवातीचे तीन तिने वाचले, उरलेले मी म्हटले.



आज याहून जास्त लिहिता येत नाही.

२४ मे, नांदेडहून परत
सकाळच्या बसने गेले. घराखाली पाशामियाँचं दुकान, भोंगे आणि वायरींची वेटोळी. ते स्वतः शटरपाशी उभे होते.

"ये बेटी. उशीर केलास. आधी आली असतीस तर भांडण ऐकायला मिळालं असतं. हा फोन आला की गौसिया अशी ओरडायची, खाली गिऱ्हाईक दचकायचं."

गौसियाबी पलंगावर टेकून बसल्या होत्या. हातावर सलाइनची पट्टी. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. त्यांनी बोलूच दिलं नाही.

"तुला वाटलं असंल, म्हातारी येडी झाली. मला मालूम हाय बेटी, मशीन हाय ते. तो होता तवा बी मशीनच बोलायची. रोटी टाकायच्या टायमाला फोन! मी म्हनायची, अरे वरच्या खोलीत बसलायस ना, खाली येऊन बोल की! आन कट. मग वरून ओरडायचा, अम्मी, पूरा सुन ना! येकदा तरी पूरा सुन!"

अलीझा दारात उभी होती. तिने तोंड फिरवलं.

"आता पूरा सुनती मी. पयल्या दिवशी बटन दाबायचं सुचलंच नाही. दुसऱ्यांदा दाबलं, तर जेवून घे म्हनला." त्यांनी उशाजवळचा फोन हातात घेतला. "आन धा दिवसांपासून बंद. मला वाटलं, माझंच बोट चुकलं. येकाच्या जागी दोन दाबलं की काय."

मी सांगितलं की बोट चुकलं नाही, नंबर मी काढला. तो तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं. पुन्हा घालते, आजच.

"नको. तुझं काम हाय ते. दुसऱ्याचा नंबर त्यात नसावा, बराबर हाय."

मग म्हटलं, आवाजाची फाइलच तुमच्या फोनवर ठेवते. वाटेल तेव्हा ऐका.

त्यावर त्या पहिल्यांदा चिडल्या. "मग ते मी लावायचं! आता तो लावत होता ना मला."

 

अलीझाने खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणला. मी म्हटलं, तुम्ही जेवल्याशिवाय मी जाणार नाही आणि माझी बस तर चारला आहे. "तू बी त्याच्यासारखीच," असं म्हणत त्या जेवल्या. पूर्ण.

हात धुतल्यावर विचारलं, "खरं पानी आलं तर काय बोलतो तो?"

मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "तू नको सांगू. ते मी ऐकलं नाही कधी. मला तो चाचनीचाच फोन करायचा. त्याचं तेवढं ऱ्हायलंय." मग अगदी हळू, "माझा नंबर त्याच्यात टाक. खऱ्यात."

"अम्मी, ते पाणी नांदेडला येत नाही. तिकडच्या गावांसाठी आहे."

"मला कुठं पानी पायजे?"

पाशामियाँ जिन्यातून वर आले होते, ऐकत होते. "बस कर गौसिया. पानी आलं तर लोकांची घरं जातात."

"मी पानी मागत नाही," त्या म्हणाल्या. आणि खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. बाहेर कडक ऊन होतं.

मी हो म्हणून आले. एकाच अटीवर, फोन येवो न येवो, दोन्ही वेळ जेवायचं.

२ जून
आपल्याकडे आता नियम आहे, मीच आणलेला. कुणीही केलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय खऱ्या प्रणालीत जात नाही. वाचणारे अर्थात सर.

सर चष्मा कपाळावर ठेवून यादी वाचत होते. प्रत्येक नंबरापुढं गाव आणि नदीपासूनचं अंतर लिहिलेलं असतं. शेवटी थांबले.

"तनुजा, ह्या खालच्या दोन नंबरास्नी गाव न्हाई. अंतर न्हाई. असलं काही दिसलं की तूच माझ्यावर खेकसतीस नव्हं?"

"टीप वाचा, सर."

त्यांनी मोठ्याने वाचली. "इथं हात लावू नका. का ते विचारू नका. विचारायचंच असेल तर मला फोन करा." चष्मा खाली आला. "ही तर त्याची टीप हाय."

"कोडमध्ये वर आहे ती त्याची. ही मी लिहिली."

"येक नांदेडचा, ते कळलं. दुसरा?"

"चाचणीसाठी."

सरांना माझा नंबर पाठ आहे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मंजूर केलं. मग उठून खिडकी लावली. वारा नव्हता.

२१ जून
प्रणाली सुरू होऊन आठवडा झाला. संध्याकाळची टेस्ट हिरवी. हेडफोन ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.

अलीझा म्हणते, अम्मी जेवते, शब्द पाळते. पण टीव्हीवर आता फक्त हवामान लावते. विदर्भात, नदीच्या वरच्या अंगाला, पाऊस म्हटलं की आवाज मोठा करते. अब्बा येऊन बंद करतात. ती पुन्हा लावते.

मीही सकाळी उठल्यावर आधी मापकाचा आकडा बघते. ते माझं कामच आहे.

८ जुलै
पाण्याने पहिली खूण ओलांडली. मापकाने दुपारी दाखवलं, आणि हणमंतरावांनी पुलावर जाऊन डोळ्यांनी बघून फोनवर पक्कं केलं. "वरून लई पानी येऊन ऱ्हायलं ताई. रंग बदलला. गुरं मंदिराकडं न्हेतो. त्या पोराले म्हना, आता खरं बोल."

पहिल्या खुणेला फक्त आम्हाला निरोप येतो. दुसरी ओलांडली की प्रणाली कुणाला विचारत नाही. यादीत वरून खाली फोन लावत जाते. आधी काठची गावं, मग लांबची, मग गाव नसलेले दोन.

मला पाणी नको आहे. कस्तुराबाईंच्या चुलीपर्यंत ते यावं असं मला वाटत नाही. हे इथं लिहून ठेवते.

सर ऑफिसमध्येच थांबले आहेत. टेस्ट सगळ्या पास आहेत. करण्यासारखं माझ्या हातात काही उरलेलं नाही. अलीझाचा आत्ताच निरोप आला: "अम्मीने आज जेवण लवकर उरकलं. फोन चार्जिंगला लावून गच्चीत खुर्ची टाकून बसली आहे. खाली ये म्हटलं तर म्हणते, पूरा सुनना है."

मापकाचा चढता आकडा बघता अंधार पडायच्या आत दुसरी खूण पाण्याखाली जाईल. माझा फोन समोर, टेबलावर उताणा ठेवला आहे.